चेनीचा आवाज

माझ्या गाडीचा आवाज काटोल नाक्यापर्यंत ऐकू येतो, असं कवडू मिस्त्री म्हणायचा. त्याचं गॅरेज त्या नाक्यावरच होतं. बढाया मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण ह्यात फारसं खोटं नव्हतं. ऐंशी साली नवी घेतलेली डिझेल गाडी. संत्र्यांच्या दलालीत तिनं काटोलचा रस्ता आठ वर्षं तुडवला. पुढं मी दलाली सोडली, माझी बायको प्रेमिला गेली, आणि गाडी तेवढी उरली. सकाळी चालू केली की बॉनेटखाली कुणी पत्र्यावर साखळी घासतंय, असा खडखडाट व्हायचा.

दुखणं टायमिंगच्या चेनीचं होतं. ही चेन इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळच्या वेळी उघडते, मिटते. जुनी झाली की ढिली पडते, आणि तुटलीच तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचा निकाल लागतो. कवडूनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी पाहू." तेव्हापासून मी दर शनिवारी पाहतच होतो.

शनिवारचा कार्यक्रम ठरलेला. कवडू लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मुठीला कान लावायचा, मग पेचकस माझ्या हाती द्यायचा. मीही ऐकायचो. दोन डॉक्टरांसारखे आम्ही गंभीरपणे माना हलवायचो. मग जुन्या जीपमधून काढून ठेवलेल्या एका फाटक्या सीटवर बसून तर्री-पोहे, चहा आणि राजकारण. आमचं एका मुद्द्यावर पटलं असेल तर शपथ. "तुमाले काही समजत नाही, देवरावजी," असं तो तोंडावर म्हणायचा. घरी असं म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. बाकीचे दिवस मी दूधवाल्याशी आणि रेडिओशी बोलायचो, आणि रेडिओ काही ऐकून घेत नाही.

आवाज गेला की शनिवारही गेला. चेन बदललेली गाडी गॅरेजला कोण नेतो? म्हणून मी चालढकल करत होतो.

पोळा झाल्यावर एका शनिवारी कवडूनं पेचकस माझ्या हाती दिलाच नाही.

"आता बदलूनच टाका. तुटाले आली हाय चेन."

"चालते तोवर चालू दे गा."

"अन् रस्त्यात बंद पडली तं? दुसऱ्यांची गोष्ट अलग. त्यायच्या घरून कोणी पाहाले निघते. तुमी रातभर रोडवर पडून राहिले तरी कोणाले पत्ता लागणार हाय?"

मला राग आला. प्रेमिला असती तर दिवेलागणीपासून फाटकात उभी राहिली असती, आणि उशीर केला म्हणून मला फाडून खाल्लं असतं. आता माझी वाट कुणी पाहत नाही हे मला ठाऊक होतं. पण ते दोन गिऱ्हाइकांसमोर ऐकायचं नव्हतं. मी एकटा, म्हणून चेन बदला असं तो म्हणत होता. मी एकटा होतो म्हणूनच तर ती बदलत नव्हतो. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"बदल मंग," मी म्हणालो. "तुले घाई झाली असन मले कटवायची."

"काहून असं बोलून राहिले?"

मी किल्ली त्याच्या हातात टेकवली आणि पायीच घरी निघालो.

गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन नुसतं गुरगुरत होतं. कवडू खूश. मी "छान" म्हटलं आणि घरी आलो. तो आठवडा फार वाईट गेला. एकदा बर्डीच्या बाजारात जाऊन नको असलेला रुमाल घेतला, आणि दुकानदारानं "आणखी काही?" विचारलं म्हणून दुसराही घेतला.

शनिवारी अंगणात गाडी चालू केली, बॉनेट उघडलं आणि पेचकस लावून बराच वेळ ऐकलं. खडखडाट औषधालाही नव्हता. तरी निघालो. काय खोटं बोलायचं ते वाटेत घोकून घेतलं.

कवडू एका जीपखाली होता. माझ्या सीटवर कुणाची तरी प्लेट होती, वर दुसरी प्लेट झाकलेली. आठ दिवसांत जागाही गेली, मी मनात म्हटलं.

"चेनीचा आवाज येऊन राहिला," मी म्हणालो.

तो बाहेर आला. पेचकस टेकवून, डोळे मिटून त्यानं ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आवाज नाही, देवरावजी."

"मले वाटलं असन मंग."

"असन."

हात पुसून तो परत जीपखाली शिरला. मी बॉनेट लावलं. थांबायला आता काही कारण उरलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं.

"कुठं चालले?" जीपखालून कवडूचा आवाज आला. "ते पोहे तुमचेच हायेत. सकाळपासून झाकून ठेवले. इतका उशीर काहून केला आज?"

उशीर झाला म्हणून मला कुणी रागावल्याला किती दिवस झाले होते. मी गाडीचं दार लावलं आणि माझ्या फाटक्या सीटवर जाऊन बसलो. पोहे पार गार झाले होते, तरी मी प्लेट चाटूनपुसून साफ केली.