समोरच्या टेकडीवर ताई

एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं काळं... मातीचं ते भाजलेलं ढेकूळ तळहातावर घेऊन धाकटी केव्हाची बसली होती. साल अठ्ठ्याहत्तर, थंडी सरत आलेली, आणि टेकडीवर वारा असा की कागदाच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवल्याशिवाय रेघ ओढता येत नसे. जाळ जिथं मोकळा लागला तिथं माती लाल होते, जिथं राखेखाली गुदमरला तिथं काळी — उत्खननाच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकाच ढेकळात दोन्ही असू शकतं हे मात्र तिचं तिलाच दिसलं.

टेकडीच्या माथ्यावर एक गोल दगडी ओटा होता, निम्मा ढासळलेला. शत्रू येताना दिसला की शेकडो वर्षांपूर्वी त्यावर जाळ करत. तो समोरच्या टेकडीवरून दिसला की तिथं दुसरा, तिथून पुढं तिसरा... अशी खबर घोड्याच्याही आधी पोचायची. ओट्याशेजारी सरांनी खड्डा खणून घेतला होता. त्याच्या भिंतीत दिसणारे मातीचे थर फूटपट्टीनं मोजून जसेच्या तसे कागदावर उतरवायचे, हे धाकटीचं काम. तिला वाटलं होतं, राखेचे जाडजूड थर लागतील. निघाली ती सगळी वाऱ्यानं आणलेली तपकिरी माती, आणि तिच्यात कुठं कुठं काजळाच्या बोटासारखी एखादी काळी रेघ.

"इथं जाळ फार थोडा झाला, बाई," सर म्हणाले होते. "इथं माणसं मुख्यतः वाट बघत बसली." ओट्यापाशी एक दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला, समोरच्या टेकडीकडं तोंड केलेला.

"म्हणजे सरकारी नोकरीच की," फोटोग्राफर म्हणाला. गोल पोटाचा, सदा हसतमुख माणूस.

"हसू नका. पेटवायला काय, ठिणगी पाडली की झालं. पेटवायचं की नाही हे ठरवणं अवघड. उगाच जाळ केला तर सगळं खोरं पोराबाळांना घेऊन पळत सुटायचं. आणि नाही केला तर..."

सरांनी वाक्य तिथंच सोडलं. धाकटीनं मात्र मनात पुरं केलं — नाही केला तर आई जाते आणि धाकटीला कळत नाही.

ताईनं तार केली ती सगळं संपल्यावर. धाकटी पोचली तेव्हा आईचा पलंगसुद्धा भिंतीला उभा करून ठेवलेला होता. "तुझी नोकरी नवी होती गं," ताई म्हणत राहिली, "ताप उतरत होता, मला वाटलं..." "तुला वाटलं! तुला वाटलं म्हणून?" एवढंच बोलून धाकटी निघाली, ती पुन्हा त्या घरी गेली नाही. एक वर्ष, मग दुसरं... अबोला धरायला एक क्षण पुरतो, सोडायला मात्र मुहूर्तच सापडत नाही.

आणि ताई जिथं हेडबाई होती ती शाळा नेमकी त्या समोरच्या टेकडीच्या पायथ्याशी. हे तिनं इथं कुणाला सांगितलं नव्हतं. दोन टेकड्या एकमेकींना दिसत होत्या का, हे पाहायला तिथं कुणीतरी ओला पाला पेटवून धूर करायला हवा, म्हणून सरांनी आपणहून शाळेत फोन केला.

"हेडबाई खमक्या आहेत," सर सांगत होते. "मलाच दरडावलं — तुमच्याबरोबर कोण कोण आहे? मी म्हटलं, फोटोग्राफर आहे, आणि नकाशे काढणाऱ्या बाई आहेत. बाईंचं नाव विचारलं. मी सांगितलं. तर म्हणाल्या, मी स्वतः चढते."

ठरलं होतं असं — शाळा सुटली की आधी तिकडं धूर व्हायचा, तो दिसला की इकडून उत्तर. पाल्याचा ढीग ओट्यावर रचून तयार होता. सर दुर्बिणीला डोळे लावून उभे, फोटोग्राफर कॅमेऱ्यावर टॉवेल धरून. धाकटी त्या गुळगुळीत दगडावर बसली. समोरची टेकडी उन्हात निळसर, अगदी गप्प.

सावल्या लांबल्या. धूर नाही.

"शत्रू येऊन, जेवून, आडवासुद्धा झाला असता एव्हाना," फोटोग्राफर म्हणाला.

"हेडबाई विसरल्या," सर चिडचिडले. "माणसं दिसतायत वर, पण नुसती उभी आहेत. काड्या न्यायच्याच विसरल्या असणार."

ताई आणि विसरेल? तिच्या पिशवीत सुईदोऱ्यापासून सगळं असायचं... येऊन तिथं उभी आहे, आणि पेटवत नाही. मुद्दामच असेल. पुन्हा तेच. हातात काडी धरून बसायचं आणि... आणि एकाएकी तिला ती पत्त्यांची जुनी जोडी आठवली, बदाम राणीचा कोपरा दुमडलेली. दोघी जमिनीवर पालथ्या पडून खेळायच्या तेव्हा घरात एक कायदा होता, आईनं भांडणं मिटवायला केलेला — आधी धाकटीचा डाव. पत्ते असोत, सागरगोटे असोत, आंघोळीचं गरम पाणी असो. ताई हातातली पानं छातीशी धरून थांबायची. कितीही वेळ. धाकटी रुसून कोपऱ्यात बसली तरी ताईनं तिच्याआधी पान टाकलं असं कधी झालं नाही...

ती विसरली नाहीये. ती थांबली आहे. सरांनी काय ठरवलं ते गेलं उडत; समोर धाकटी आहे, तेव्हा आधी डाव धाकटीचा.

मी का म्हणून? मी का पहिल्यांदा... ताप उतरत होता, असं ती म्हणाली होती. रात्रीतून कितीदा उठून हात लावून बघितला असेल कपाळाला? कितीदा पोस्टापर्यंत जाऊन परत आली असेल, उगाच खोरं नको पळायला म्हणून? हे मी तिला विचारलंच नाही. मी फक्त काळी रेघ बघितली. मधली एवढी वाट बघण्याची माती कुणाची होती?

"सर, काड्यांची पेटी द्या."

"अहो, पण तिकडून आधी —"

"द्या हो."

वाऱ्यानं पहिली काडी विझली. पुढची तिनं ओंजळीत धरली. पाला कुरकुरला, रुसल्यासारखा, आणि मग त्या ओट्यावर शेकडो वर्षांनी पांढरा, दाट, ओलसर धूर उभा राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं येतं तसंच ते होतं.

समोर... काहीतरी वर गेलं. करडं, विरळ. "धूर!" फोटोग्राफर ओरडला. "ढग असेल," सर म्हणाले. तेवढ्यात ऊन उतरलं आणि टेकडी धुक्यात गेली.

परतीची जीप धाकटीनं शाळेपाशी थांबवायला लावली. ताई फाटकाशी उभी होती.

"केस किती पांढरे करून घेतलेस गं," ताई म्हणाली.

"राख आहे ती."

ताईनं रुमाल काढला. पिशवीतूनच.

सरांनी त्या टेकडीवर निबंध लिहिला, त्यात समोरच्या धुरापुढं 'संशयास्पद' असं घातलं. सर जाऊनही आता खूप वर्षं झाली. फोटोग्राफरनं पुढं स्टुडिओ काढला, लग्नांचे फोटो काढत सुखात म्हातारा झाला. ओट्याशेजारी आता मोबाईलचा मनोरा आहे, म्हणतात. ताई निवृत्त झाल्यावर धाकटीकडंच राहायला आली, ती अजून आहे.

संध्याकाळी दोघी पत्ते खेळतात. ते करडं काय होतं — धूर की ढग, पेटवलंस की नुसती बघत राहिलीस — एवढं विचारायचं धाकटीच्या रोज ओठांवर येतं. समोर ताई पानं छातीशी धरून बसलेली असते, चष्म्यावरून तिच्याकडं बघत. धाकटी आपली पानं लावते, मोडते, पुन्हा लावते... तिला घाई नसते. थांबणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत बसायला असं बरं वाटेल, हे तिला आधी कधी माहीत नव्हतं.