माराच्या सैन्यातला चेहरा

विहारातल्या जुन्या बुद्धाचं डोकं चुमनेच छाटून विकलं आणि आळ घातला थावीच्या बापावर. बाप तुरुंगातच मेला. आता गबर झालेला चुम पुण्य कमवायला नवी मूर्ती देत होता, आणि ती घडवायचं काम आलं थावीकडेच. तिने छिन्नी उचलली.

बुद्ध तिने शांतच घडवला. बैठकीवर रीतीप्रमाणे केसांतून पाण्याचा लोट पिळणारी धरणीमाता, त्या पाण्यात बुडणारं, बुद्धावर चालून आलेल्या माराचं राक्षससैन्य. तेवढा भाग तिने शेवटपर्यंत कापडाने झाकून ठेवला.

भिक्खूंनी मंत्र म्हणून मूर्तीचे डोळे उघडले, तिची प्राणप्रतिष्ठा केली आणि कापड ओढलं. दाता म्हणून चुम पहिला वाकला, आणि नाकासमोरच त्याला गटांगळ्या खाणारा राक्षस दिसला. त्याचाच फाटका कान, हनुवटीवरचा त्याचाच मस. मागे बायका खुसखुसल्या.

"आत्ताच्या आत्ता छिलून टाक हे," तो दात आवळत म्हणाला.

"डोळे उघडलेल्या मूर्तीला छिन्नी लावायची? माझा नाही बाई हात धजत."

थावीने दोन्ही हातांनी, अदबीने छिन्नी पुढे केली.

"तुम्हीच लावा, शेठ. तुम्हाला सवय आहे."