भिंतीतली खरखर

जयरामच्या रेडिओत खरखर शिरली ती होळीनंतर, आणि ती धाकट्या भावाच्या घरातून येते हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. शोधाशोध मागाहून. आधी निकाल आणि मग पुरावा, भाऊबंदकीत आमच्याकडं हाच कायदा चालतो.

जयराम टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन सिद्धगडाच्या पायथ्याला आपल्या गावी येऊन राहिला होता. बापाच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध एक भिंत घातली गेली. अलीकडं जयराम आणि त्याची बायको कमळ, पलीकडं धनेश आणि रंजिता. जयरामला हॅम रेडिओचा नाद, घरबसल्या दूरदूरच्या माणसांशी बिनतारी बोलायचा, परीक्षा देऊन लायसन काढलेला नाद. खोलीत एक यंत्र, यंत्राखाली गाडीची बॅटरी आणि बाहेर तांब्याची लांब तार. तारेचं एक टोक जयरामच्या कौलावरच्या बांबूला, दुसरं धनेशच्या परड्यातल्या आंब्याला. आंबा वाटणीत धनेशकडं गेला होता. तार मात्र राहिली, कारण तेव्हा आई होती आणि तिच्यासमोर असले विषय काढायची कुणाची टाप नव्हती.

आता आई फोटोत होती, आणि तो फोटो जयरामकडं होता. धनेशनं मागितला, जयराम म्हणाला, थोरल्याच्या घरात राहतो. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत ते फक्त भांडायला.

एरवी ही खरखर जयरामनं महिनाभर शिव्या घालत सोसली असती. पण मुरबाडचा सुयोग येऊन गेला होता. डोंगरात वाट चुकलेल्यांना शोधून आणणारी त्याची टोळी येत्या रविवारी सिद्धगडावर मोठा सराव करणार होती. वर मोबाइलला रेंज नाय, हातातले छोटे वॉकीटॉकी डोंगराआड गेले की मुके. म्हणून ते जयरामसारखंच यंत्र वर नेणार होते आणि खाली ऐकायला त्यांना पक्का माणूस हवा होता. ज्याला अख्खं गाव ‘तारवाला’ म्हणून हसायचं त्याच्याकडं पहिल्यांदाच कुणी कामासाठी आलं होतं. जयरामनं त्या दिवशी दोनदा दाढी केली.

सुयोगनं एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती. “काका, शनिवारी सकाळी आमी गडावरून बोलून बघतो. तुमाला ऐकू आलं तर तुमीच. नायतर शहापूरचे सुनिल तयार आहेत.”

त्या सुनिलला जयराम ओळखून होता. स्वतःच्याच बोलण्यावर खूश होणारा माणूस, दुसऱ्याचं ऐकणार काय कपाळ. पण यंत्र लावलं की खर्रर्र, खर्रर्र, त्यात मधूनच टिकटिक, आणि त्याच्या मागं कुठंतरी माणसं बुडाल्यासारखी बोलत. असं चाललं तर सुनिलच बसणार होता खुर्चीत.

धनेशनं गेल्या वर्षभरात घर नवं केलं होतं. छताला एलईडीच्या पट्ट्या, कोपऱ्याला कॅमेरे, जिन्याखाली इन्व्हर्टर. असल्या वस्तूंच्या आत स्वस्तातले अडॅप्टर असतात. ते विजेची खांडोळी करतात आणि तिचा कचरा वायरींतून हवेत फेकतात. रेडिओ बिचारा तो कचरा गिळत बसतो. हे जयरामला चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक असणं हाच त्याला पुरावा वाटत होता.

तरी त्यानं खराखुरा पुरावाही काढला. छोटा ट्रान्झिस्टर कानाशी धरून तो मधल्या भिंतीच्या कडेनं फिरला. दाराशी आवाज बारीक, पुढं मोठा, आणि आईच्या फोटोपाशी भिंतीतूनच आल्यासारखा कर्कश. भिंतीपलीकडं बरोब्बर धनेशचा टीव्ही. जयरामनं मांडीवर थाप मारली. सापडला म्हणाला.

असल्या कचऱ्यावर इलाज म्हणून वायरीभोवती चढवायच्या काळ्या जड कड्या मिळतात. जयरामनं त्या मूठभर आणल्या आणि कमळच्या हाती पलीकडं धाडल्या. रंजितानं आल्या पावली परत पाठवल्या. निरोप असा, की आमच्या वायरींना बांगड्या भरायच्या नायत.

मग गुरुवारी जयरामनं पोलीस पाटलालाच बोलावलं. शाम पाटील दोन्ही घरांचा चहा प्यायलेला माणूस, बिचारा खिडकीत अवघडून उभा राहिला. आत यंत्र खरखरत होतं. पलीकडं धनेशनं सगळ्यांना दिसेल असा मेन स्विच खाली ओढला.

खरखर तशीच राहिली.

“झालं समाधान?” धनेश खिडकीशी आला.

“इन्व्हर्टर चालू आहे तुझा. तो बंद कर.”

“तो नाय बंद करायचा. उद्या म्हणशील श्वास बंद कर. आधी आपलं घर बघ ना.”

“बघितलंय. एकूण एक बटण बंद करून बघितलंय,” जयराम म्हणाला, आणि ते त्याला अगदी खरं वाटत होतं.

“मग यंत्रच सडलं असेल तुझं. नाचता येईना आणि अंगण वाकडं.”

शाम पाटलाला हसू आलं. बास, तेवढ्यानं जयरामचं डोकं फिरलं. आईच्या शेवटच्या दिवसांत धनेशच्या घरी फरशीचं काम चालू होतं, कटर दिवसभर किंचाळायचा. हे आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, ते जयरामनं उच्चारलं.

“तुझ्या घराच्या कलकलाटात आई शांतपणे मेलीसुद्धा नाय.”

धनेशनं मान वळवून आंब्याकडं बघितलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, “उद्या सांजच्यापर्यंत आंब्यावरची तार काढ. नायतर कोयत्यानं काढीन.”

शाम पाटील चहा न घेता गेला.

शुक्रवारी सकाळी लाइट गेली, दुरुस्तीसाठी जाते तशी. जयराम यंत्रासमोर बसलाच होता, बॅटरीवर ते चालूच होतं. एकदम खोली स्वच्छ झाल्यागत वाटलं. खरखर नाय, टिकटिक नाय. कर्नाटकातला कुणीतरी आपल्या केळीच्या बागेबद्दल बोलत होता, आणि त्याचं खोकणंसुद्धा ऐकू येत होतं. इतक्या दिवसांनी माणसाचा आवाज ऐकून जयरामला रडूच आलं असतं. पण भिंतीपलीकडून टीव्ही ऐकू आला. पंखा ऐकू आला. धनेशचा इन्व्हर्टर झकास चालू होता.

मेन बंद केला तरी खरखर होती. इन्व्हर्टर चालू आहे तरी खरखर नाय. राहिलं काय? कितीही उलटंपालटं करून बघितलं तरी उत्तर अलीकडच्याच घरात येत होतं. लाइट आली आणि त्याच क्षणी खर्रर्र सुरू झाली.

त्यानं उठून सारं बंद केलं. पंखा, फ्रिज, बॅटरीचा चार्जर, मोबाइलचे चार्जर. आठवड्यापूर्वी केलं होतं तसंच. खरखर हलेना.

“सगळं बंद केलंत?” कमळ ओल्या हातानं आली.

“सगळं.”

“मग मेन ओढू नका हां. दिवा जाईल.”

जयराम तिच्याकडं बघतच राहिला. आईचं वर्षश्राद्ध फाल्गुनात झालं, होळीनंतर. त्या दिवशी त्यानं स्वतः शहापूरच्या बाजारातून फोटोपुढं लावायचा विजेचा दिवा आणला होता, ज्योत हलल्यासारखी दाखवणारा. तेव्हापासून तो विझू द्यायचा नाय असं कमळनं ठरवलं होतं. लाइट गेली तर तो देवाच्या हातचा दोष, माणसाच्या हातानं आईचा दिवा विझता कामा नये. म्हणून मेन ओढायचा नाय. जयरामनं घरातली बटणं मोजली तेव्हा हा दिवा त्यात धरलाच नव्हता. तो त्याच्या लेखी विजेची वस्तूच नव्हती, तो आईचा दिवा होता. आणि तो टांगला होता मधल्या भिंतीवर, धनेशच्या टीव्हीच्या बरोब्बर पाठीशी.

त्यानं दिव्याचा अडॅप्टर उपसला. केळीच्या बागेवाला पुन्हा खोकला.

“लावा तो,” कमळ म्हणाली.

“कमळ, यातूनच येतंय सगळं. बघ, ऐक.”

“मी ऐकतेय. काल त्या भावजींना काय बोललात तेबी ऐकलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता तुमच्या डब्यासाठी आईला अंधारात बसवायचं काय?”

जयरामनं वायरीला काळ्या कड्या चढवून बघितल्या. खरखर निम्मी झाली, गेली नाय. चांगला अडॅप्टर मिळाला असता, पण शहापूरला जाऊन यायचं तर सांज होणार आणि सांजेला कोयता. आधी तार वाचवायला हवी होती. म्हणून तो चपला घालून परड्यात गेला. भावाच्या दारात जायला त्याला आईच्या दहाव्यानंतर आजच निमित्त मिळालं होतं.

धनेश आंब्याला शिडी लावत होता.

“सापडलं,” जयराम म्हणाला.

“कुणाच्या घरात?”

“माझ्या.”

“काय होतं?”

जयरामनं तोंड उघडलं. “चार्जर. बॅटरीचा चार्जर खराब होता.”

मागच्या दारात रंजिता सूप घेऊन उभी होती. ती म्हणाली, “दादा, भिंत एकच आहे. वैनी बोलल्या ते सगळं आमाला ऐकू आलं.”

जयरामला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. धनेश शिडीवरून खाली उतरला, पण कोयता त्यानं हातातच ठेवला.

“म्हणजे आईच ओरडत होती तुझ्या रेडिओत. आणि मला म्हणालास, मी तिला शांत मरू दिलं नाय.”

“चुकलं माझं.”

“ते मला नको. तार राहू दे तुझी आंब्यावर, वर्षानुवर्षं राहू दे. फोटो दे. तुझ्या घरात तिचा दिवा विझतो, माझ्या घरात विझणार नाय.”

जयरामनं एकदा तारेकडं बघितलं. उद्या सकाळी सुयोग गडावरून हाक मारणार होता. फोटो गेला की दिवा गेला, दिवा गेला की खरखर गेली. आईचा सौदा होतोय हे त्याला कळत होतं, आणि तरी तो हिशेब करत होता.

“ने,” तो म्हणाला. “दिवा मात्र नवा घेऊन देतो, चांगला. नायतर साधी समई लाव.”

“नाय. तिच्या वर्षश्राद्धाला लागलेला तोच. अडॅप्टरसकट. आणि तुझ्या त्या बांगड्या काढून दे.”

कमळनं फोटो पदरानं पुसून दिला आणि नवऱ्याकडं वळूनही बघितलं नाय. भिंतीवर खिळा आणि फिकट चौकोन राहिला.

धनेशनं फोटो मागच्या पडवीत लावला, परड्याकडं तोंड करून, आंबा दिसेल असा. आईला आंबा आवडायचा. पडवीच्या पत्र्याच्या हातभर वरून जयरामची तार आंब्याकडं गेली होती.

शनिवारी सकाळी जयरामनं यंत्र लावलं आणि त्याचा हात बटणावरच राहिला. खरखर आता आधीपेक्षा दुप्पट होती. आधी तार दिव्यापासून लांब तरी होती, आता डोक्यावरच होती. त्या गदारोळात वरून सुयोग हाका मारत होता. “काका... गड... ऐकू...” एवढंच. जयराम ओरडून ओरडून परत परत सांग म्हणाला, पण ऐकणाऱ्याला ऐकू येत नसेल तर त्याच्या ओरडण्याला कोण विचारतो.

“जाऊन सांगा की भावजींना,” कमळ म्हणाली.

“काय सांगू? आता खरंच तुझ्या घरातून येतंय म्हणून? आईचा दिवा बंद कर म्हणून?”



दुपारी सुयोग खाली उतरून रेंजमध्ये आल्यावर त्याचा फोन आला. त्याला खरंच वाईट वाटलेलं आवाजात कळत होतं. उद्या शहापूरचे सुनिलच बसतील म्हणाला, काका तुमी राग धरू नका. जयराम म्हणाला, राग कसला.

सांजच्याला परड्यातून धनेशचा आवाज आला. आई घरी आल्यापासून त्याचा स्वर बदलला होता, लहानपणी होता तसा झाला होता.

“दादा, आता खरखर नाय ना काही?”

यंत्र चालूच होतं आणि खोलीभर खर्रर्र चालली होती. जयरामनं हात पुढं करून ते बंद केलं.

“नाय,” तो म्हणाला. “आता काहीच ऐकू येत नाय.”