पानाचं टोक

"पप्पा, आधी चिडू नका," असं म्हणत निकितानं पर्समधून एक पांढरा मग काढला आणि ह्यांच्या हातात दिला. लेक 'चिडू नका' म्हणते तेव्हा चिडण्यासारखं काहीतरी असतंच. तिच्या कंपनीचं, वसुधा सॉफ्टवेअरचं, नवं बोधचिन्ह त्या मगावर छापलं होतं. लोगो हो. बोधचिन्ह आता फक्त आमचे हेच म्हणतात.

हे मग घेऊन खिडकीशी गेले. "टोक कुठंय?"

"ते काढलं. हार्टला शेपूट नसतं ना, पप्पा."

तो लोगो मुळात ह्यांनीच काढलेला, त्र्याण्णव साली. नारायण पेठेत एका जाहिरातवाल्याच्या दुकानात हे आर्टिस्ट होते. वसुधाचे अनिरुद्ध लिमये तेव्हा शेजारच्या दोन खोल्यांत चार कॉम्प्युटर घेऊन बसायचे. कंपनीला त्यांनी आईचं नाव दिलं होतं. ह्यांनी इंग्रजी व्ही जाड निळा केला आणि मधल्या मोकळ्या जागेत पिंपळाचं पान ठेवलं, टोक खाली करून. ठेवलं म्हणजे रेघ मारून काढलं नाही. भोवतीनं निळं असं भरलं की पान आपोआप उरावं. एकदा दिसलं की मग व्ही दिसायचाच नाही.

दुकानावर नाव मालकाचं. कामाखाली सही करायची सोय नाही. आणि आडनाव कानावर पडलं की काही गिऱ्हाइकं विचारायची, "दुसरं कोणी नाही का तुमच्याकडे?" म्हणून मालकानं ह्यांचं टेबल आतल्या खोलीत टाकलेलं. चांगलाच होता म्हणे मालक! तर हे आत बसून प्रत्येक कामात कुठेतरी एक बोधिवृक्षाचं पान सोडून द्यायचे. साड्यांच्या पिशवीवर, पापडाच्या पुड्यावर, कुठेही. लहानपणी लक्ष्मी रोडनं चालताना निकिताचा तोच खेळ असायचा. "पप्पा, सापडलं!" म्हणून रस्त्यातच टाळ्या पिटायची.

"हार्ट कुणाचं पण?" मी विचारलं.

"लिमये सरांच्या आईचं. नवीन एजन्सी म्हणाली, लोगोत मदर्स हार्ट लपलंय, फक्त शेप चुकलाय. म्हणून करेक्ट केला."

"चुकलाय? डोळे फुटलेत का त्यांचे?"

"आई, प्लीज! मी सरांना सांगितलं, ओरिजिनल माझ्या पप्पांनी केलाय म्हणून. इतके खूश झाले ते! शनिवारी फंक्शनमध्ये पप्पांचा सत्कार आहे. पप्पांनी फक्त एवढंच बोलायचं, की..." ती अडखळली.

"की ते काळीज होतं," हे म्हणाले.

"माझं टीम लीडचं चाललंय, पप्पा. पान म्हणालात तर सगळ्यांसमोर सर तोंडघशी पडतील."

ती गेल्यावर मी ह्यांना बजावलं, "सरळ सांगा पान होतं म्हणून. कुणाच्या बापाला भ्यायचंय?" ह्यांनी तो पांढरा मग दोनदा विसळून ठेवला.

हिंजवडीतला तो गारेगार हॉल. एजन्सीचा शेंडीवाला पोरगा पडद्यावर जुना लोगो दाखवत होता. टोकाभोवती लाल गोल केला, त्यावर फुली मारली, आणि हॉल हसला. माझ्या अंगाची लाही झाली. मग लिमयांनी ह्यांना शाल घातली आणि माइक पुढे केला. "पोपटराव, आपण तेव्हा मनात काय ठेवून हे काढलंत, ते सांगा की."

माणूस वाईट नाही हो. पण इतकी वर्षं रोज ते चिन्ह बघून त्याला काही दिसलं नाही, आणि दिसलं तेव्हा स्वतःची आई दिसली.

ह्यांनी पुढच्या रांगेत निकिताकडे पाहिलं. "काळीजच होतं ते," म्हणाले. "टोक जरा चुकलं माझं."

टाळ्याच टाळ्या.

धायरीला घरी आलो. दार लावलं आणि म्हटलं, "खोटं बोललात ते बोललात, वर चूक अंगावर कशाला घेतलीत?"

"तिला तिथं रोज जायचंय, हिरा."

निकिता टीम लीड झाली. तिनं आणलेले पेढे ह्यांनी खाल्ले, मी नाही खाल्ले.

वैशाखात बुद्धपौर्णिमा आली. आमच्या विहाराचं काम बघणारा मच्छिंद्र म्हणाला, "दादा, या वर्षी फलक तुम्हीच रंगवा." ह्यांनी फळीवर भलंमोठं पिंपळपान काढलं. हिरवंगार, शिरा न् शिरा. कुठे लपवायची गरज नसलेलं आयुष्यातलं पहिलं पान. मग हे ब्रश धुवायला लागले.

मच्छिंद्र फळीसमोर घुटमळला. "दादा, विड्याचं पान वाटतंय. टोक राहिलं जणू."

"असू दे तसंच," हे म्हणाले.

मला राहवलं नाही. ह्यांच्या हातातून ब्रश घेतला, हिरव्या रंगात बुडवला आणि मीच टोक ओढलं. जन्मात ब्रश न धरलेला हात, व्हायचं तेच झालं. टोक भलतंच लांबलं आणि डावीकडे वाकलं.

माझी रांगोळीसुद्धा पुसून परत काढणारा हा माणूस. ह्यांनी ते वाकडं टोक एकदा पाहिलं, तसंच राहू दिलं आणि रंगाच्या डब्यांना झाकणं लावायला घेतली.