कुंकवाखालचं बटण

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे. 'जुना' हा शब्द मी स्वतःला लावत नाही. घरी आलेला प्रत्येक पाहुणा तो लावूनच चहा पितो. माझी उमेदीची वर्षं गोंदियातल्या एका विमा कचेरीत गेली. तिथे मी धडधाकट माणसांच्या मरणाची तयारी टाइप केली. पुढे जुन्या मालाच्या दुकानातून मी जवळच्याच कामठा गावी आलो, धानाची शेती करणाऱ्या हीरालाल रहांगडाल्यांच्या घरी, त्यांच्या मुलीसाठी.

ही दुर्गेश्वरी. बी.एस्सी.चा सगळा अभ्यास तिने माझ्यावर केला. तेव्हा माझे लाड होते. अंगावर भरतकामाचा रुमाल असायचा, आणि माझ्यावर चहाचा कप ठेवणाऱ्याला तिची आई फुलवंता घराबाहेर काढायची.

घात झाला तो याच मायेने. दसऱ्याला आमच्याकडे ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा होते. नांगर, विळे, ट्रॅक्टर आणि शेवटी मी. फुलवंताने मला ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं आणि झेंडूची फुलं ओवलेला दोरा विळ्याला बांधावा तसा करकचून बांधला. माझ्या कडेला वायफाय चालू-बंद करण्याचं एक नखाएवढं सरकतं बटण आहे. दोऱ्याने ते सरकलं, बंद झालं, आणि त्यावर कुंकवाचा लेप वाळला. हे मला त्याच क्षणी कळलं. पण पूजेत देवाने बोलायचं नसतं.

नेमकी त्याच आठवड्यात दुर्गेश्वरीची परीक्षा होती. रायपूरच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेतली नोकरी. परीक्षा घरूनच, इंटरनेटवर, बंद खोलीत एकटीने द्यायची. मोबाईल चालणार नाही, कॅमेऱ्याचा लॅपटॉपच पाहिजे.

"हे शेवटची परीक्षा बाई," हीरालाल म्हणाले. "यात नाही झालं त मी बालाघाटवाल्यायले हो सांगून टाकीन. पोरगा चांगला आहे, राइस मिल आहे."

"राइस मिल आहे त तुमीच करून घ्या लगन," दुर्गेश्वरी म्हणाली. पण मला उघडून ती पुन्हा पुन्हा वायफाय जोडत राहिली, आणि मोबाईलचं नेट काही माझ्यापर्यंत पोचेना.

मग भूपेंद्र आला. फुलवंताचा भाचा, गोंदियाला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. आमच्या भागात ज्याच्याकडे प्रमाणपत्र असतं त्याला रोग विचारायचा नसतो; तो थेट औषध देतो. "फुफाजी," तो हीरालालांना म्हणाला, "याची सिस्टिमच गेली. लिनक्स टाकून देतो. फ्री आहे, व्हायरस येत नाही."

त्याने माझ्यातल्या सगळ्या फायली पुसल्या. माझी जुनी बुद्धी गेली आणि त्याजागी लिनक्स नावाची, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली नवी बुद्धी आली. बुद्धी चांगली होती. बटण मात्र तसंच होतं.

"आता ड्रायव्हर नाही," भूपेंद्र म्हणाला. वायफायच्या कार्डाला चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो इंटरनेटवरून आणायचा, आणि इंटरनेट तो आल्याशिवाय येणार नाही. मोबाईल केबलने जोडून पाहिला, पण बाजारातल्या त्या केबलमधून फक्त वीज जात होती. मग पेन ड्राइव्ह घेऊन भूपेंद्र गोंदियाला गेला, आला, पुन्हा गेला. मोबाईलवर बघून माझ्या काळ्या पडद्यावर तो आज्ञा टाइप करायचा, आणि माझं उत्तर उमटायच्या आत पुढची. माझं उत्तर दर वेळी एकच होतं.

परीक्षेची सकाळ उजाडली. हीरालाल ओसरीत बालाघाटचा नंबर शोधत होते.

"भूपेंद्र दादा, हे काय लिहून आहे?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"काही नाही ओ, ते येतच राहते."

"काऊन येत राहते पण?" तिने ओळ मोठ्याने वाचली आणि मराठीत लावली. "वायरलेस बंद आहे. बाहेरून, बटणानं." मग तिने मला उचललं, कड उजेडाकडे केली, वाळलेलं कुंकू नखाने खरवडलं आणि बटण सरकवलं. माझा निळा दिवा लागला.

फुलवंता दारात उभी होती. लालभडक नख तिने पाहिलं. "मंग सांगाचं ना त्यानं!" ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मी सांगतच होतो, बाई. इंग्रजीत होतं, एवढाच माझा गुन्हा.

"पाहा," भूपेंद्र म्हणाला, "माह्या शेवटच्या कमांडनं झालं."

दुर्गेश्वरीने परीक्षा दिली आणि तिची निवड झाली. हीरालालांनी बालाघाटला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी ते ट्रॅक्टर घेऊन कामाशिवायच गावभर फिरून आले. रायपूरला जाताना तिने मला नेलं नाही. कंपनीने नवा दिला. रुमाल धुवायला गेला तो परत आला नाही. आता माझ्यावर चहाचा कप असतो.

संध्याकाळी फुलवंता कप उचलते आणि मला उघडते. पडद्यावर दुर्गेश्वरी येते.

"जेवली का?"

"हो माय."

"चेहरा काऊन असा दिसून राहिला तुहा? सुकल्यावानी?"

"काही नाही ओ. नेट स्लो आहे तुमच्याकडलं, म्हणून तसं दिसते."

नेट उत्तम होतं. चित्र स्वच्छ होतं, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसकट. पण आळ मी घेतला. एवढ्या वर्षांत त्याची सवय झाली आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची पूजा केली नाहीत तरी चालेल. आम्हाला थापडा मारण्याआधी पडद्यावर काय लिहिलं आहे तेवढं वाचत जा. आणि पडद्यातलं आपलं माणूस 'नेट स्लो आहे' म्हणालं, तर माझ्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा.

फुलवंताने त्या दिवशी पडद्यातल्या लेकीकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "रविवारच्या गाडीनं मी येऊन राहिली."