नयना सावेंच्या रजेचं कारण

आमच्या तलासरीच्या ऑफिसात रजेचं रजिस्टर माझ्याकडे असतं. त्यामुळे कोण किती खरं बोलतं याचा अंदाज मला देवापेक्षा जरा लवकर येतो. प्रविण शिपायाची आजी माझ्या रजिस्टरात दोनदा वारली आहे, एकदा होळीला आणि एकदा गणपतीत. मनिषभाईंची कंबर दरवर्षी क्रिकेटची टूर्नामेंट लागली की धरते आणि फायनल झाली की सुटते. मी स्वतः, एकनाथ धोडी, मुक्काम वेवजी, तीन वेळा ‘घरी पाहुणे’ लिहिलं आहे. पाहुणे कोण ते विचारू नका. खरं कारण कुणी लिहीत नाही आणि साहेब अर्ज वाचत नाहीत, नुसती सही करतात. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

डिसेंबरात नयना सावे मॅडमनी अर्ज दिला. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसचे सगळे अहवाल. डहाणू रोडवरून रोज येतात, एकोणीस वर्षं. नवरा रेल्वेत, निम्मा महिना वलसाडला. मुलगी शिकायला नाशिकला. खात्यावर अर्जित रजा पूर्ण तीनशे दिवस. त्यापुढे ती साठत नाही. जानेवारीत नवे पंधरा दिवस वर चढतात आणि मॅडमच्या बाबतीत तिथल्या तिथे गळून पडतात.

अर्ज आठ दिवसांचा होता. कारण : ‘घरी राहून पुस्तके वाचणे, सिनेमे पाहणे व मनासारखे रांधून खाणे.’

मी चष्मा पुसला. “मॅडम, हे काय?”

“कारण.”

“ते दिसतंय. पण असं कुणी लिहितं का?”

“एकनाथभाऊ, रकान्यावर काय छापलंय? रजेचे कारण. मग तेच लिहिलं.”

साहेबांनी न वाचता सही केलीही असती. पण मी त्या ओळीवर बोट ठेवलं. चूक माझीच. साहेबांनी मॅडमना आत बोलावलं.

“सावे मॅडम, त्याच आठवड्यात तपासणीचं पथक येतंय.”

“सगळे अहवाल तयार करून मनिषभाईंच्या टेबलावर ठेवलेत, साहेब. फक्त पानं उलटायची आहेत.”

“ते ठीक. पण कारण बदला. ‘घरगुती कारण’ लिहा.”

“घरगुतीच आहे. जरा सविस्तर लिहिलंय.”

“मग आजारी पडा ना! सर्टिफिकेटचं मी बघतो, डॉक्टर ओळखीचे आहेत.”

“मला काही झालेलं नाही. धडधाकट असतानाच आठ दिवस हवेत. आजारपणात मेलं पुस्तक कोण वाचतं?”

“पथकातले हसतील.”

“हसू देत. त्यांनाही कुणी रजा दिली नसेल.”

साहेब तापले. “नामंजूर करतो.”

“करा. फक्त शेरा लिहा.”

इथे बाईने डाव टाकला. आमच्याकडे रजा मंजूर करायची तर नुसती सही चालते. नामंजूर करायची तर शेरा लागतो, साहेबांच्या हातचा, आणि तो सेवापुस्तकाबरोबर निवृत्तीपर्यंत फिरतो. साहेबांनी कच्च्या कागदावर लिहिलं, ‘पुस्तके वाचण्यासाठी’, आणि थांबले. ते खोडलं. ‘रांधून खाणे हे कारण’ लिहिलं आणि पुन्हा थांबले.

“एकनाथ, अशा वेळी काय लिहितात?”

“अशी वेळ आजवर आलीच नाही, साहेब.”

मॅडमनी विचारलं, “मी बाहेर थांबू का?”

साहेबांनी ‘मंजूर’ इतकं जोरात लिहिलं की खालच्या कागदावरही उमटलं.

सोमवारपासून मॅडमची खुर्ची रिकामी. फोनही बंद. गंमत अशी की तो अर्ज ऑफिसात कुणालाच खरा वाटला नाही.

“बेनला काहीतरी मोठंच झालंय,” मनिषभाई म्हणाले. “एवढं खोटं माणूस उगाच लिहीत नाही.”

“मुंबईला दाखवायला नेलं असेल,” प्रविणने भर घातली. खोट्या आजारांचा त्याचा अभ्यास दांडगा.

बुधवारी पथक आलं. दोन प्रश्नांवर मनिषभाईंची कंबर खरोखरच धरली. गुरुवारी पथक पुन्हा येणार होतं. साहेबांनी मला बाजूला घेतलं. “तिघं जाऊन बघून या. आणि बरी असेल तर उद्या एक दिवस घेऊनच या.”

संध्याकाळी सफरचंदं आणि शहाळी घेऊन आम्ही डहाणू रोडला पोचलो. दार मॅडमनीच उघडलं. हातात डाव, नाकाला पीठ. आमचे चेहरे बघून त्याच घाबरल्या.

“कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“मग अशी तोंडं का? या, बसा. सिनेमा चालू आहे, मधे बोलायचं नाही.”

पलंगावर सात पुस्तकं. दोन वाचून झालेली, तिसरं पालथं. पडद्यावर एक बाई घोड्यावरून कुठेतरी निघालेली. घरभर उकडहंडीची वाफ, कंद, रताळी, वालपापडी. मनिषभाई डोळ्यांनीच औषधाची बाटली शोधत होते. सापडली ती लोणच्याची बरणी. ताटल्या आल्या. पहिला घास घेतला आणि साहेबांचा फोन वाजला.

“आहे का तशी?”

“कशी, साहेब?”

“आजारी रे!”

“नाही. अर्जात लिहिलंय तशीच आहे.”

“मग उद्या आण तिला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू जात होता. मॅडमनी सिनेमा थांबवला.

“उद्या पानग्यांचा बेत आहे, केळीची पानं आणून ठेवलीत,” त्या मला म्हणाल्या. “आणि तो बेत मोडून मी उद्या आले ना, एकनाथभाऊ, तर पुढच्या वेळी मलाही आजीच मारावी लागेल.”

प्रविणने ताटलीत तोंड घातलं.

मी फोनमध्ये म्हणालो, “साहेब, मंजूर तुम्हीच लिहिलंय. फिरवायचं तर शेरा लागेल.”

मग फोन कट. मॅडमनी सिनेमा थोडा मागे नेला, कारण माझ्या बोलण्यात घोडा पुढे निघून गेला होता.

गुरुवारी पथक त्या दोन प्रश्नांवर पुन्हा अडलं आणि ‘पुढच्या तपासणीत पाहू’ म्हणून गेलं. तलासरी जागेवरच आहे. मॅडम नवव्या दिवशी आल्या, सातवं पुस्तक अर्धं राहिल्याची तक्रार करत. मी रजिस्टरात कारण पूर्ण उतरवलं. रकाना दोन बोटांचा. ते चार ओळी खाली गेलं.

जानेवारीत प्रविण आला. “दोन दिवस हवेत, भाऊ. कारण काय लिहू?”

“आजी सोडून काहीही.”

त्याने पेनाचं टोपण चावलं, मग लिहिलं : ‘आजीसोबत घरी बसून तिला सिनेमा दाखवणे. तिने अजून एकही पाहिलेला नाही.’

“जिवंत आहे?” मी विचारलं.

“कालच कोंबड्यांवर ओरडत होती.”

अर्ज आत नेला. या वेळी मी बोट ठेवलं नाही, तरी साहेबांनी वाचला.

“ही तीच का रे, गणपतीत वारलेली?”

“तीच, साहेब.”

साहेबांनी पेन उचललं, शेऱ्याच्या जागेकडे जरा पाहिलं आणि सही केली.