मागच्या सीटवरचा अंक

"अहो बाई, ते पान फाडू नका!"

रुमालभाऊ मागच्या सीटकडे धावला, पण उशीर झाला होता. बाईंच्या मांडीवरचं पोर मासिकावर भडाभडा ओकलं होतं आणि बाई त्याच मासिकाचं शेवटचं पान टरकावून त्याचं तोंड पुसत होत्या.

"बेवारस पडलं होतं. तुमच्या बापाचं आहे का?" बाई फणकारल्या.

रुमालभाऊ हा कंडक्टर. बसची दांडीसुद्धा रुमालाशिवाय धरत नसे, म्हणून डेपोने हे नाव पाडलेलं. लोक वाचून झालेले पेपर बसमध्ये कोणत्या अवस्थेत सोडून जातात, ते त्याला विचारावं. थुंकी लावून उलटलेली पानं, घडीत दडवलेली केळ्याची सालं. एका महाभागाने तर पेपरावर नखं कापून, त्याची पुडी बांधून ठेवली होती, जणू पुढच्या प्रवाशाला भेट! रुमालभाऊचं त्या दिवशी जेवण सुटलं.

अपवाद एकच. कुणी अनोळखी माणूस दर सोमवारी मागच्या सीटवर कधीच बंद पडलेल्या एका मासिकाचा जुना अंक ठेवून जाई. पुसलेला, घडी न मोडलेला. तेवढा रुमालभाऊ घरी नेई. बायको अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिचा जीव अडकला होता त्या अंकांतल्या कादंबरीत. घर सोडून गेलेली नायिका परत येते की नाही, ते आजच्या अंकात कळणार होतं. आणि हा अंक बाजारात शोधून मिळणारा नव्हता.

"गोष्टीचा शेवट आहे हो त्यावर," तो म्हणाला.

"मग घ्या की! वासासकट घ्या." बाईंनी पान पुढे केलं.

"घंटी मार रे," पुढून ड्रायव्हर ओरडला, "का मुक्काम करायचाय?"

रुमालभाऊने पान घेतलं. नुसत्या हाताने. धुवायला गेलं तर लगदा झाला असता, म्हणून नासलेल्या दुधाच्या गुठळ्या बोटाने सारत, श्वास कोंडून, उभ्या उभ्या त्याने ते वाचलं. दोनदा ओकारी घशापर्यंत आली, ती गिळली. नायिका गावात उतरली, गल्लीत वळली, दाराशी आली. पुढचा कोपराच नव्हता. तो पोराने चावून खाल्ला होता.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं, ओकारी वगळून.

"दाराशी आली. मग?"

"मग... दार उघडलं."

"कुणी?"

"नवऱ्याने."

"अहो, काय म्हणाला तो? नीट सांगा ना!"

रुमालभाऊने जन्मात गोष्ट रचली नव्हती.

"काही बोलला नाही गं. तिच्या हातातली बॅग घेतली. मग म्हणाला, दमली असशील."

बायकोने डोळे मिटून ते ऐकलं.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली आणि त्याचा हात ओढून आपल्या गालाखाली ठेवला.

साबणाने सोलून निघेपर्यंत धुतलेल्या त्या हाताला अजून आंबूस वास येत होता. त्याने तो काढून घेतला नाही.